पोशाख बदलला, नायक तोच का?



मधल्या सुट्टीत एक वाद हमखास ऐकू येतो. खरा स्पायडरमॅन कोणता? बॅटमॅनने हसावे की नाही? सुपरमॅनला ती लाल चड्डी हवी की नको? आवाज चढतात, तेवढ्यात घंटा होते आणि वाद लोंबकळत राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

मोठ्यांना हा वाद पोरकट वाटतो. पण ही पात्रे ज्या अमेरिकेत जन्मली तिथे तो कित्येक दशके चालू आहे, आणि तो घालणाऱ्यांत मुलांइतकीच मोठी माणसेही आहेत. या वादातून चौदा वर्षांच्या एका मुलाला लेखकाचे काम मिळाले, एका नायिकेला गेलेल्या शक्ती परत मिळाल्या आणि एका पात्राचा जीव अवघ्या ७२ मतांनी गेला.

आज आपण याच वादाचा अभ्यास करणार आहोत. 'मला आवडत नाही' आणि 'हे या पात्राला शोभत नाही' ही दोन वाक्ये सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. पहिल्या वाक्याला कारण द्यावे लागत नाही. दुसरे वाक्य बोलणाऱ्याने मात्र कारण द्यायलाच हवे, आणि ते पात्राच्या कथेतूनच द्यायला हवे. रसग्रहणाच्या प्रश्नात तुमचे गुण जातात ते बहुतेक वेळा इथेच.

१. पोशाख येतो कोठून?

अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि त्या मुखवट्यात बुबुळे न दिसणारे पांढरे डोळे, हे रूप वृत्तपत्रांतील चित्रमालिकेत रुजवले ते ली फॉक यांच्या फँटमने. ही मालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. आपल्या आजोबा-आजींच्या पिढीला हाच नायक 'वेताळ' म्हणून ठाऊक आहे. गंमत अशी की फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. पुढे रंगीत पुरवणीत तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. इटलीत तोच पोशाख लाल झाला, तर स्वीडन-नॉर्वेकडे निळा. तिकडच्या वाचकांना आपापला रंगच खरा वाटतो.

हल्कचेही तसेच. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता. छपाईत तो राखाडी रंग एकसारखा उमटेना, पानापानावर छटा बदलू लागली. म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. आज हिरव्या रंगावाचून हल्कची कल्पनाही करवत नाही, पण त्यामागे कोणतेही गूढ तत्त्व नव्हते. छापखान्याची अडचण होती.

त्या काळी ही मासिके स्वस्त, खरबरीत कागदावर चार शाईंत छापली जात. नाजूक छटा त्या कागदावर टिकत नसत. म्हणून लाल, निळा, पिवळा असे ठळक रंग वापरले जात. दुकानात शंभर मुखपृष्ठांच्या गर्दीत आपला नायक लांबून ओळखू यावा हाही हेतू असे. सुपरमॅनची चड्डी पायघोळ घट्ट पोशाखावरून आहे, यावर विनोद पुष्कळ झाले. परंतु त्या काळच्या सर्कशीतले पहिलवान आणि कसरतपटू असाच पोशाख करीत. १९३८ च्या वाचकाला तो पोशाख पाहताच 'हा माणूस ताकदवान आहे' हे न सांगता कळे.

बॅटमॅनची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३९ साली चित्रकार बॉब केन यांनी काढलेल्या पहिल्या आराखड्यात लाल पोशाख, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख होते. त्यांचे सहकारी लेखक बिल फिंगर यांनी बदल सुचवले. डोके झाकणारा टोकदार कानांचा मुखवटा असावा, पंखांऐवजी वटवाघळाच्या पंखांसारख्या कडांचा झगा असावा, हातमोजे असावेत, रंग राखाडी असावा. प्रत्येक सूचनेमागे एकच विचार होता: हा माणूस रात्री हिंडतो आणि गुन्हेगारांना घाबरवतो, तर तो भीतिदायक दिसला पाहिजे. आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणतो त्यातले निम्म्याहून अधिक रूप या सूचनांतून आले. तरी फिंगर यांचे नाव निर्माते म्हणून अधिकृतपणे छापले जाऊ लागले ते २०१५ साली. तोवर त्यांना जाऊन ४१ वर्षे झाली होती.

यावरून पहिला नियम लक्षात ठेवा. एखादी गोष्ट बदलावी की ठेवावी हे ठरवण्याआधी ती मुळात का आली ते शोधा. छापखान्याच्या सोयीसाठी आलेला रंग आणि पात्राच्या स्वभावातून आलेला मुखवटा यांचे वजन सारखे नसते.

२. गाभा कोणता आणि टरफल कोणते?

सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातले दोन शाळकरी मित्र. १९३३ साली त्यांनी स्वतःच काढलेल्या एका छोट्या नियतकालिकात 'सुपरमॅन' प्रथम अवतरला. तो चक्क टकला खलनायक होता! ज्याला आपण ओळखतो तो नायक १९३८ साली आला. हा नायकही सुरुवातीला उडत नसे, नुसत्या लांब उड्या मारी. उडणे पुढे १९४० च्या दशकात रूढ झाले.

मग सुपरमॅनचा गाभा कोणता? रूप नाही, उडणेही नाही. त्याच्या पहिल्यावहिल्या गोष्टी काढून पाहा. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, फाशी होऊ घातलेल्या निरपराध स्त्रीला वाचवतो, खाणीतल्या कामगारांच्या जिवाशी खेळणाऱ्या मालकाला त्याच खाणीत अडकण्याचा अनुभव देतो. ज्याला कोणीच हरवू शकत नाही असा माणूस आपली सारी ताकद दुबळ्यांसाठी वापरतो. हे आजवर टिकले आहे. हे काढले तर नुसता झगा उरतो.

आता चड्डीच्या वादाकडे येऊ. २०११ साली प्रकाशकांनी आपल्या सर्व नायकांची नव्याने मांडणी केली, तेव्हा सुपरमॅनची लाल चड्डी गेली. नव्या पोशाखाला गळपट्टी आणि चिलखतासारख्या रेषा आल्या. अनेक चाहते हळहळले, तर काहींनी 'सुटलो एकदाचे' म्हटले. २०१८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात चड्डी परत आली.

२०२५ च्या 'सुपरमॅन' चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक जेम्स गन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. चड्डी ठेवावी असे म्हणताना नायकाची भूमिका करणारे डेव्हिड कॉरेनस्वेट यांनी दिलेले कारण पाहण्यासारखे आहे. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून आलेला आहे, डोळ्यांतून किरण सोडतो. मुलांना त्याची भीती वाटू नये असे त्यालाच वाटत असणार. म्हणून तो थोडासा गमतीदार, कुस्तीगिरासारखा दिसेल असाच पोशाख निवडेल. हे म्हणणे गन यांना पटले आणि चड्डी राहिली.

'पूर्वीपासून होती म्हणून ठेवा' हे कारण इथे पुढे आले नाही. 'या पात्राला स्वतःला काय हवे असेल' असा विचार झाला. तुम्हांला चड्डी आवडो वा न आवडो, युक्तिवादाची ही रीत शिकण्यासारखी आहे.

३. चौदा वर्षांचा लेखक

वाचकांची मते प्रकाशकांपर्यंत पोहोचत ती पत्रांतून. मासिकाच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचे पान असे. १९६० च्या सुमारास संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्तेही छापू लागले. मग वाचक एकमेकांनाच पत्रे लिहू लागले आणि त्यातून चाहत्यांची हस्तलिखिते व छोटी नियतकालिके निघू लागली.

याच काळात पिट्सबर्ग शहरात जिम शूटर नावाचा मुलगा होता. बारा वर्षांचा असताना त्याला शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात राहावे लागले. तिथे मुलांसाठी चित्रकथांची मासिके ठेवलेली होती. त्याच्या ध्यानात आले की एका प्रकाशनाचे अंक हाताळून हाताळून फाटले आहेत आणि दुसऱ्याचे मात्र कोरे करकरीत आहेत. फाटलेले अंक मार्व्हलचे होते, कोरे डीसीचे.

दुसरा एखादा मुलगा 'डीसी एकदम बेकार' म्हणून मोकळा झाला असता. जिमने वर्षभर दोन्ही प्रकाशनांच्या गोष्टी अभ्यासल्या. एका गोष्टीतली पात्रे जिवंत का वाटतात आणि दुसरीतली सगळी एकाच आवाजात का बोलतात, हे त्याने शोधून काढले. मग तेराव्या वर्षी त्याने डीसीच्याच नायकांवर स्वतः गोष्ट लिहिली, चौकटीगणिक चित्रे आखली आणि संपादकांकडे पाठवली. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती, पैशांची गरज होती, हेही खरे. १९६६ साली त्याची गोष्ट छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे १९७८ साली हाच जिम शूटर मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याने टीका केली, पण ती अभ्यास करून केली. आणि 'असे नको' म्हणून न थांबता 'मग कसे हवे' तेही लिहून दाखवले. आपल्या वर्गांत नेमकी हीच सवय लागायला हवी.

४. बहात्तर मतांचा फरक

आता एक दुःखद उदाहरण. बॅटमॅनचा बालसाथीदार रॉबिन १९४० मध्ये आला. पहिला रॉबिन डिक ग्रेसन मोठा होऊन स्वतंत्र झाला, तेव्हा १९८३ साली जेसन टॉड हा दुसरा रॉबिन आणला गेला. सुरुवातीला तो डिकची नक्कलच होता: तोही सर्कशीतला, तोही अनाथ. १९८७ मध्ये त्याची कथा नव्याने लिहिली गेली. आता तो रस्त्यावर वाढलेला, बॅटमॅनच्या मोटारीची चाके चोरताना सापडलेला मुलगा झाला. हळूहळू त्याला अधिकाधिक रागीट आणि उर्मट दाखवले गेले. पुष्कळ वाचकांना तो आवडेना.

१९८८ साली कथेत जोकर जेसनला मरणाच्या दारात नेतो आणि स्फोट होतो, इथे अंक संपला. त्याच अंकात दोन दूरध्वनी क्रमांक छापले होते. एकावर फोन केला तर जेसन जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. एका फोनचे ५० सेंट, मुदत ३६ तासांची. एकाने कितीही वेळा फोन करावा.

निकाल असा लागला: मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. फरक ७२ मतांचा. पुढच्या अंकात बॅटमॅन मेलेल्या मुलाला हातांवर घेऊन उभा आहे.

काल्पनिक पात्र मेले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले काही नाही, पण थोडा विचार करा. जेसन उर्मट होता हे खरे. पण त्याला उर्मट कोणी केले? पात्र स्वतःला लिहीत नाही. त्या गोष्टीचे लेखक जिम स्टारलिन यांना बॅटमॅनने एका लहान मुलाला धोक्यात घेऊन हिंडावे हेच पटत नव्हते, आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या हाती लेखणी होती त्यालाच ते पात्र नको होते. वाचकांनी शिक्षा दिली ती पात्राला. 'याला असे का लिहिता?' हा प्रश्न मतदानात विचारताच येत नव्हता. तिथे फक्त 'जगावा' आणि 'मरावा' असे दोनच पर्याय होते.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, टिम ड्रेक हा तिसरा रॉबिन आला. तो स्वतः निरीक्षणाने बॅटमॅनची ओळख शोधून काढतो आणि त्याला येऊन सांगतो की तुला रॉबिनची गरज आहे, एकटा राहिलास तर तू रागात वाहवत जाशील. चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी त्याच्या पोशाखात उघड्या पायांऐवजी पायघोळ विजार दिली. रात्री गुंडांशी लढणाऱ्या मुलाला ती शोभतेही. वाचकांनी टिमला सहज आपलेसे केले. याचा अर्थ वाचकांना रॉबिन नकोसा नव्हताच. नीट लिहिलेला रॉबिन हवा होता. जेसनही २००५ मध्ये कथेत परतला, पण त्या ७२ मतांची आठवण त्याच्या प्रत्येक गोष्टीत राहिली.

५. डायनाच्या शक्ती

मुलींनो, हे उदाहरण विशेष तुमच्यासाठी. वंडर वुमन १९४१ साली आली. तिचे लेखक विल्यम मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते. ताकद आणि माया एकाच स्त्रीत असू शकते हे मुलांना दिसावे, या हेतूने त्यांनी डायना घडवली.

१९६८ साली नव्या लेखक-चित्रकारांनी तिला आधुनिक करायचे ठरवले. तिच्या शक्ती काढल्या, तारकांचा पोशाख काढला. ती पांढऱ्या विजारीत वावरू लागली, कपड्यांचे दुकान चालवू लागली आणि एका वृद्ध गुरूकडून कराटे शिकू लागली. लेखक डेनिस ओ'नील यांचा हेतू वाईट नव्हता. शक्तींच्या बळावर जिंकणाऱ्या नायिकेपेक्षा स्वतःच्या मेहनतीने जिंकणारी नायिका अधिक आधुनिक, असा तो विचार होता.

पण लहानपणी तिच्या गोष्टी वाचून मोठ्या झालेल्या स्त्रियांना हे पटले नाही. त्यांत पत्रकार ग्लोरिया स्टायनम होत्या. जगातल्या सर्वांत बलवान नायिकेचे बळ काढून घेता, सुपरमॅनचे मात्र तसेच ठेवता, ही कसली आधुनिकता? असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९७२ च्या जुलैत त्यांच्या 'मिझ' मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर वंडर वुमन तिच्या मूळ पोशाखात होती. १९७३ मध्ये डायनाला शक्ती परत मिळाल्या.

इथे दोन्ही बाजूंना कारणे होती हे विसरू नका. ओ'नील यांना नवे काही लिहायचे होते. स्टायनम यांनी दाखवून दिले की बदल करताना पात्राचा गाभाच हातून निसटला. योगायोग असा की १९८८ मध्ये रॉबिनचे मतदान घेतले गेले तेव्हा बॅटमॅनचे संपादक हेच ओ'नील होते. चांगला लेखकही दरवेळी नेमके ठरवू शकतो असे नाही. म्हणून विचार करून बोलणारा वाचक लागतो.

६. काळा स्पायडरमॅन आणि कमला खान

१९८२ साली इलिनॉय राज्यातल्या एका चाहत्याने मार्व्हलला पत्र लिहून स्पायडरमॅनला काळा पोशाख द्यावा असे सुचवले. मुख्य संपादक होते आपले जिम शूटर, एके काळी स्वतःच गोष्ट पाठवणारे. त्यांनी ती कल्पना २२० डॉलरना विकत घेतली. १९८४ साली काळा पोशाख अवतरला. लाल-निळा रंग जाणार म्हणून काही वाचक नाराज झाले, काहींना तो फार आवडला.

लेखकांनी मग वादातूनच गोष्ट काढली. हा पोशाख म्हणजे अंगाला चिकटणारा परग्रहावरचा जीव आहे असे ठरले. तो ताकद देतो, पण माणसाचा ताबा घेऊ पाहतो. पीटर तो झटकून टाकतो. १९८८ मध्ये त्याच जिवापासून व्हेनम हा खलनायक तयार झाला. 'हा स्पायडरमॅन वाटत नाही' ही वाचकांची भावनाच कथेचा विषय बनली. मोठी ताकद म्हणजे मोठी जबाबदारी, हा १९६२ पासूनचा गाभा त्यामुळे अधिक ठळक झाला.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. पोशाखातला माणूसच बदलला तर? २०११ साली माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय वडील आणि प्वेर्तो रिकन आई यांचा मुलगा स्पायडरमॅन झाला. २०१४ मध्ये कमला खान ही न्यू जर्सीतली पाकिस्तानी-अमेरिकन शाळकरी मुलगी मिझ मार्व्हल झाली. लेखिका होत्या जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना आणि संपादिका सना अमानत. कमला स्वतः नायकांची चाहती आहे, त्यांच्यावर गोष्टी लिहिते. शक्ती मिळताच ती आपल्या आवडत्या नायिकेसारखी सोनेरी केसांची, उंच, तोकड्या पोशाखातली बनते. आणि तिला कळते की हा पोशाख काचतो, या रूपात आपण आपण नाही. मग ती स्वतःच्या अंगभर पोहण्याच्या पोशाखापासून नवा पोशाख तयार करते. त्या पोशाखात तिचे घर, तिचे संस्कार आणि तिची नायकांची आवड तिन्ही आहेत. या पुस्तकाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला पुष्कळांनी 'जुने नाव नव्या मुलीला कशाला?' असे विचारले. तो प्रश्नही रास्त होता. त्याचे उत्तर घोषणेने मिळाले नाही, चांगल्या गोष्टीने मिळाले.

७. आपल्या घरातले नायक

हे सारे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्याकडे काय? १९६४ मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत. वेताळाचा मूळ कथेतला 'बंगाला' देश त्यांत 'डेंकाली' झाला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी बहादूर हा भारतीय नायक घडवला. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. मातीतला आणि नव्या काळातला, हे त्याच्या कपड्यांवरूनच कळे.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतली मुले मात्र हिंदीतला नागराज वाचत मोठी झाली. १९८६ च्या पहिल्या नागराजची चित्रे प्रताप मुळीक यांनी काढली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? नागराज मुळात दहशतवाद्यांसाठी तयार केलेले जिवंत शस्त्र. बाबा गोरखनाथ त्याला मुक्त करतात आणि मग तो त्यांच्याचविरुद्ध उभा राहतो. १९८७ मध्ये आलेल्या ध्रुवला तर अलौकिक शक्तीही नाही आणि मुखवटाही नाही. त्याच्याकडे बुद्धी, धाडस आणि सर्कशीत शिकलेली कसरत आहे. नागराज श्रेष्ठ की ध्रुव, हा वाद तुमच्या वडिलांना किंवा मामांना विचारून पाहा. जेवण थंड होईल!

मराठीतही असा प्रश्न नुकताच येऊन गेला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा किडकिडीत शाळकरी बनेश, सायकल आणि तोंडातून निघणारे 'ट्टॉक'. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण दाखवला. मोठा झालेला फेणे हा फेणेच का? हा प्रश्न आजच्या पाठातलाच आहे. आणि याहून जुने उदाहरण हवे असेल तर कर्ण घ्या. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला कर्ण आणि इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधला कर्ण, दोन्ही पुस्तके १९६७ चीच. एकात तो सूर्यासारखा तळपतो, दुसरीत त्याच्या चुका निर्भीडपणे तपासल्या आहेत. दोन्ही वाचणाऱ्याला महाभारत अधिक कळते.

८. वाद घालण्यापूर्वी चार प्रश्न

अ) ही गोष्ट मुळात का आली? छपाईसाठी, फॅशनसाठी, की स्वभावासाठी?
आ) पात्राचा गाभा कोणता? तो एका वाक्यात लिहा. लिहिता आला नाही तर अजून वाचन करा.
इ) बदलामुळे गाभा झाकला गेला, की अधिक स्पष्ट झाला? कथेतला एक तरी प्रसंग दाखवा.
ई) तुम्हांला पटत नसेल तर तुम्ही काय केले असते? अर्धे पान लिहून किंवा चित्र काढून दाखवा.

आणि एक पथ्य. समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी स्वतः सांगा, मगच उत्तर द्या.

स्वाध्याय

१) रॉबिनच्या मतदानात तुम्ही वाचक असता तर फोन केला असता का? फोनऐवजी संपादकांना पत्र लिहायचे झाल्यास काय लिहाल? (१० ते १२ ओळी)
२) वंडर वुमनच्या बाबतीत ओ'नील आणि स्टायनम यांचे म्हणणे प्रत्येकी तीन वाक्यांत मांडा. कोणत्याही बाजूला शेलक्या शब्दांनी संबोधू नका.
३) फास्टर फेणेला सातवीतच ठेवून आजच्या काळात आणायचे आहे. त्याची सायकल, कपडे, शाळा यांतले काय बदलाल, काय ठेवाल? प्रत्येकाला कारण द्या.
४) आपल्या शहरात राहणारी, घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा बोलणारी एक नायिका तयार करा. तिचा पोशाख कोणत्या भाषेत बोलेल? चित्र काढा.

पालकांसाठी दोन शब्द

१९५४ साली अमेरिकेत चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा मोठा गदारोळ झाला होता. सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली घालून घेतली. आज आपल्या घरांतही मूल चित्रकथा घेऊन बसले की 'अभ्यासाचे वाच' असे आपण म्हणतो. चिंता समजण्यासारखी आहे. निवड पाहावी, वेळ ठरवून द्यावा, हे योग्यच. पण मूल आपल्या आवडत्या नायकाविषयी तावातावाने बोलत असेल तेव्हा त्याला एकदा 'का रे बाबा?' एवढे विचारून पाहावे, आणि उत्तर मराठीत मागावे. शाळेत दुसऱ्या माध्यमातून शिकणाऱ्या आपल्या मुलांना मराठीत भांडण करता येते, पण कारणे मांडता येत नाहीत, ही अडचण आपण सगळेच पाहतो. ज्या विषयावर मुलाला स्वतःहून बोलावेसे वाटते, तिथूनच ही सवय लावणे सोपे जाते.

विश्वस्त मंडळास विनंती, वाचनालयाच्या पुढील खरेदीत फास्टर फेणेच्या संचाबरोबर चांगल्या चित्रकथांसाठीही एक कप्पा ठेवावा. अंक फाटले तर वाईट वाटून घेऊ नये. कोणते अंक फाटतात आणि कोणते कोरे राहतात, याची नोंद ठेवण्याचे काम सातवीच्या मुलांकडे द्यावे.